आज मी मागच्या सीटवर

मंडळी, आत्ताच शेणव्याहून, बायकोच्या माहेराहून आलो, आनंद पोटात मावत नाय!

यंदा घरात ठरलंय, दर महिन्याला एकाने आपल्याला आनंद देईल अशी एक इच्छा सांगायची, बाकीच्यांनी ती पुरी करायची. या महिन्यात पाळी बायकोची. लग्नापासून माझ्या मागे बसून माहेरी जाणारीला स्वतः स्कूटर चालवत जायचं होतं.

शिकवली मीच, तेही स्वतः कुठल्या क्लासला न जाता शिकलेल्या माणसाने! निघताना हवा, ब्रेक, आरसे नीट तपासले.

ती म्हणाली, "झालं? आता मागं बसा नि शेणव्यापर्यंत बोलू नका."

प्रत्येक वळणावर जीभ चावली, पण बोललो नाय.

अंगणातून सासूबाई ओरडल्या, "अगो, जावय मागं!" आणि लेकीला मिठीच मारली.

येतानाही तिनेच चालवली. तुमच्या घरात कोणाला पुढे बसायचंय, कधी विचारलंत?