भिंतीतली नळी

आमच्या घरात एसी आणायचं मी ठरवलं, आणि निवडायचं काम दाजींनी स्वतःकडे घेतलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कापडाच्या दुकानात सेल्समन. जगातली कुठलीही वस्तू त्यांना त्या वस्तूच्या कारखानदारापेक्षा जास्त कळते, अशी त्यांची स्वतःची खात्री.

आमचं घर गुजराती मुलखात, कोसाडला, वरच्या मजल्यावर. उन्हाळ्यात दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो. वडील आमच्याकडेच राहतात. त्यांना आम्ही आबा म्हणतो. पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये त्यांनी सगळी नोकरी बॉयलरच्या पाइपांवर काढली. वाफ कुठून गळते हे ते कान लावून सांगत. घरात मात्र त्यांच्याशी बोलताना आम्ही तेवढा कान लावत नव्हतो.

दाजींनी आणलेला मेकॅनिक आला, तो खांद्यावर नळ्यांचं वेटोळं घेऊनच. नळीचा रंग तांब्यासारखा. आबांनी खिशातली किल्ली काढून नळीच्या टोकाला एक ओरखडा मारला. आत पांढरी चमक दिसली.

"हाऊ तांबाना नही," आबा म्हणाले. "अ‍ॅल्युमिनियम शे. वरतून रंग."

"काका, आजकल सब यही डालते हैं," मेकॅनिक म्हणाला. त्याने वर पाहिलंही नाही.

दाजी सासऱ्यांकडे पाहून हसले. "मामा, मिलमधला जमाना गेला. आता पाइप दिसायलाही नको. भिंतीत गाडून टाकू. हॉटेलसारखं फिनिशिंग येईल."

"भिंतीत जॉइंट नको," आबा म्हणाले. "जे गळतं ते डोळ्यापुढे पाहिजे."

इथे मी तोंड उघडलं. "आबा, तुम्हाला वाफेचं कळतं. हे गॅसचं आहे."

आबांनी किल्ली खिशात टाकली आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

मेकॅनिकने भिंत खोदली. नळी त्याने गुडघ्यावर घेऊन वाकवली, जणू ऊस मोडतोय. एका ठिकाणी ती चपटी झाली. "चलता है," तो म्हणाला. शेवटी नळी आखूड पडली, तेव्हा त्याने पिशवीतून दुसरा तुकडा काढून जोडला. दाजी चहा पीत कौतुकाने पाहत होते. वर सिमेंट, त्यावर पुट्टी. दाजींनी भिंतीवरून हात फिरवला आणि माझ्या बहिणीला फोटो पाठवला.

जेमतेम महिनाभर गारवा टिकला. मग यंत्र नुसतं घरघरायचं. मेकॅनिक आला, गॅस भरून गेला. पुन्हा तेच झालं, पुन्हा भरून गेला. दाजींचं निदान तयार होतं: तुम्ही दार उघडं ठेवता.

तिसऱ्या वेळी तो मेकॅनिक फोन उचलेना. त्या सकाळी आबांनी वाटीत साबणाचा फेस केला आणि स्टुलावर चढून उघड्या सांध्यांना लावला. बुडबुडा आला नाही. मग ते भिंतीशी उभे राहून बराच वेळ पाहत राहिले. पुट्टीवर एक पिवळट डाग उमटला होता, तळहाताएवढा. मी तो रोज पाहत होतो आणि ओल समजत होतो.

"छिन्नी दे," आबा म्हणाले.

मी दिली. त्यांनी डागाभोवतीचं प्लास्टर फोडलं. आत तेलाने चिकट झालेला जोड होता. फेस लावताच बुडबुडे फुगू लागले.

आबांनी छिन्नी माझ्याकडे परत दिली. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी टेपने अंतर मोजलं आणि आम्ही बाजारात गेलो. दुकानदाराने दाखवलेली पहिली नळी त्यांनी बोटांत दाबली आणि परत केली. दुसरी जाड होती, अस्सल तांब्याची. ती सलग घेतली, मध्ये जोड नाही.

नळीवर स्प्रिंग चढवून ती वाकवायची, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आबांचे हात थरथरतात, पण नळीवर असताना थरथरले नाहीत. एकही वळण चपटं झालं नाही. पुढच्या कामाला त्यांनीच दुसरा, वयस्कर मेकॅनिक बोलावला. त्याने टोकं बसवली, पंप लावून नळीतली हवा ओढून काढली, मगच गॅस सोडला. पहिल्याने हवा काढलीच नव्हती, हे तेव्हा कळलं. जाताना तो नळीच्या वळणांवरून हात फिरवत आबांना म्हणाला, "काका, वळांक तमे सरस आप्या छे."

नळी आता भिंतीवरून उघडी जाते, काळ्या फोममध्ये. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, गॅस भरावा लागलेला नाही.

परवा दाजी पाहुण्यांना घेऊन आले. थंड हवेत बसून त्यांनी नळीकडे बोट दाखवलं. "तांब्याचीच टाकायची असते. मी यांना तेव्हाच सांगितलं होतं."

आबा शेजारीच होते. "हां," एवढंच म्हणाले आणि पाहुण्यांपुढे शेवेची ताटली सरकवली.

दाजींचं खोटं तिथेच उघडं पाडावं असं फार मनात होतं. पण मग त्या दिवशी मी आबांना काय बोललो होतो, तेही सांगावं लागलं असतं. मी उठून चहा ठेवायला गेलो.