सावलीत वाळवायची पानं

गल्लीत तिला सगळे ‘गवतवाली बाई’ म्हणत. कॉलेजात शिकवून परतताना ती मोकळ्या प्लॉटवर वाकून तण खुडायची. एकदांडी, माका, सहदेवी. सगळी सूर्यफुलाच्या कुळातली, पण कुणी ढुंकूनही न पाहणारी. नवरा म्हणायचा, “लोक कचरा बाहेर टाकतात, आमच्याकडे सगळा उलटा कारभार.”

पेशींची झीज थोपवणारं द्रव्य या तणांत किती, हा तिच्या पीएचडीचा विषय. पन्नाशीला टेकताना हे झेंगट तिनं हौसेनं गळ्यात घेतलं होतं. हौस केव्हाच आटली, झेंगट तेवढं उरलं. मार्गदर्शक सरांनी यंदा स्पष्टच सांगितलं होतं, “मुदत आता वाढणार नाही. या हंगामातले आकडे आले नाहीत, तर विषय संपला.”

म्हणून शेवटची खुडणी तिनं जिवापाड जपली. मागच्या खोलीत जुन्या चादरींवर पानं पसरली. उन्हात त्यांचा गुण जातो, सावलीतच वाळवायची. स्वयंपाक, पेपर तपासणं, सगळं उरकून ती पानं उलथत बसे आणि बसल्या बसल्या पेंगे. सासूबाई पलंगावरून बघत राहायच्या.

एका संध्याकाळी ती घरी आली, तर खोली रिकामी. पानं गच्चीवर होती, काळपट, हात लावला की चुरा.

“कडकडीत वाळली की नाही?” सासूबाई गुडघे चोळत म्हणाल्या. “एका दिवसात! तू आपली आठवडाभर उलथत बसतेस.”

“आई, मी म्हटलं होतं ना, सावलीत ठेवायची.”

“म्हटलं होतंस गं. पण मला वाटलं, मला जिने चढायला लागू नयेत म्हणून म्हणतेस.”

आता यावर माणसानं कुणावर चिडायचं? दुखऱ्या गुडघ्यांनी म्हातारी चादरी घेऊन कितीदा वर चढली असेल, देव जाणे. तिनं चुरा डब्यात भरला. सकाळी प्लॉटवर धावली, तर तिथं गवत कापायचं यंत्र फिरून गेलेलं. हिरवं नावाला उरलं नव्हतं.

तरी तिनं प्रयोगशाळेत तोच चुरा भिजवून अर्क काढला. आशा मोठी चिवट. जांभळ्या रसायनात अर्क टाकायचा, पानांत दम असेल तर जांभळा जाऊन पिवळा येतो. बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवून ती शेजारी स्टुलावर बसून राहिली. बाटली बाहेर काढली. जांभळी ती जांभळीच.

तिथूनच तिनं सरांना फोन लावला. “सर, मी हे आता इथंच थांबवते.” सर दोन शब्द सहानुभूतीचे बोलले आणि त्यांनी फोन ठेवला. तिला वाटलं होतं, आता सगळं संपल्यासारखं वाटेल. तसं काहीच झालं नाही. उलट खांद्यावरचं जू उतरावं तसं हलकं वाटलं. इतकी वर्षं घातली आणि सुटल्याचाच आनंद व्हावा, याचं मात्र तिला फार वाईट वाटलं. घरी येऊन चपला काढताना तिला रडू फुटलं.

सासूबाई धडपडत उठल्या. “माझ्यामुळे झालं ना गं? रडू नकोस. पुढच्या वर्षी मी स्वतः सावलीत वाळवते. तू हातसुद्धा लावू नकोस, मी उलथीन.”

पुढचं वर्ष नाही, हे सांगायला तिनं तोंड उघडलं. म्हातारीचा चेहरा बघून ती म्हणाली, “बरं, आई.”