तळ्याचा तळ आणि सासूबाई

दूध वर येत होतं, लेकीचा एक मोजा सापडत नव्हता आणि नवरा बाथरूममध्ये जाऊन बसला होता. अशा ऐन वेळी दारावर थाप पडली. सुनेने गॅस बारीक करून दार उघडलं. खालच्या मजल्यावरचा प्लंबर उभा होता, दोन काखांत दोन खोकी घेऊन.

"वहिनी, मावशी उठल्यात का?"

"त्या कधीच्याच उठल्यात. का हो, नळाचं काही?"

"नळ ठीक आहेत. माझंच डोकं तुंबलंय."

मावशी म्हणजे तिच्या सासूबाई. निवृत्त होईपर्यंत त्या हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या मशीनवर होत्या. अंधाऱ्या खोलीत बसून माणसांच्या पोटात बघायचं, मापं घ्यायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काय ते डॉक्टर सांगतील, हा तिथला नियम. तो त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरी भाजी खारट झाली तरी चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. नवरा म्हणायचा, "आईचा चेहरा म्हणजे बंद घड्याळ. कितीही बघा, किती वाजले ते कळायचं नाही."

सुनेला मात्र या चेहऱ्याचं हसू येत नसे. लेकीच्या वेळी ती त्याच खोलीत पडली होती आणि मशीनवर नेमक्या सासूबाई होत्या. पडदा त्यांच्या बाजूला वळलेला, म्हणून ती श्वास धरून त्यांचा चेहराच बघत राहिली. फिरता फिरता त्यांचा हात एका जागी थांबला. पुढे गेला, परत तिथेच आला, चांगला रेंगाळला. "आई, सगळं ठीक ना?" "डॉक्टर सांगतील." डॉक्टरांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. लेक धडधाकट जन्मली, आता आईच्या खांद्याला लागली. पण हात का थांबला होता ते सासूबाई बोलल्या नाहीत आणि हिला विचारवलं नाही. ते कुसळ आत तसंच राहिलं.

प्लंबरने खोकी टेबलावर उघडली. मासे शोधायची यंत्रं, फिश फाइंडर. एकाचा पडदा तळहाताएवढा, साधा काळापांढरा. दुसरा वहीएवढा, रंगीत, झगमगीत. दुकानदार ओळखीचा, त्याने संध्याकाळपर्यंत दोन्ही वापरून बघायला दिली होती; पसंत पडेल ते एक ठेवायचं.

"माझ्या कयाकला, त्या चिंचोळ्या होडीला, भोक पाडायला जीव होत नाही हो. लोकांच्या भिंती बिनधास्त फोडतो, पण तिला नाही. म्हणून सेन्सर आतूनच तळाला चिकटपट्टीने लावला. तर दोन्ही पडदे कोरे! बायको म्हणते, मासेच तुम्हाला बघून पळाले असतील."

सासूबाईंनी साबणाच्या वडीएवढा तो सेन्सर हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने पुसला.

"मध्ये जेली लावली होती?"

"कसली जेली?"

"आवाज खाली जातो, आपटून परत येतो. मध्ये हवा राहिली की तिथेच अडतो. पोटाचं तसं, होडीचंही तसंच." त्या उठल्या आणि गुडघा शेकायच्या मशीनची जेलीची बाटली घेऊन आल्या. "चला."

"आई, तुम्ही कयाकमध्ये?" सून म्हणाली.

"गुडघा दुखतो. बसायला कुठे गुडघा लागतो?"

लेकीला शाळेत सोडून तिघं तळ्यावर पोचली. फुगीर जॅकेट घातलेल्या सासूबाई पुढे बसल्या, प्लंबर वल्हं घेऊन मागे. त्याने जेलीचा जाड थर देऊन सेन्सर दाबून बसवला आणि लाकडी धक्क्याच्या कडेकडेने हळूहळू वल्हवू लागला. सून फळ्यांवरून बरोबरीने चालत होती.

आधी मोठं यंत्र लावलं. पडदाभर मासेच मासे, छोट्या छोट्या चित्रांचे. प्लंबर हरखला. सासूबाईंनी त्याच जागेवरून पुन्हा न्यायला लावलं.

"हे गवत आहे. ते नुसते बुडबुडे. हे मशीन कशालाही मासा म्हणतं. फारच बोलघेवडं आहे. लहान लाव."

लहान पडद्यावर चित्रंबित्रं काही नव्हती. राखाडी ठिपके आणि खाली एक जाड रेघ. सासूबाई पुढे वाकल्या. त्यांचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला. सुनेने तो ओळखला; त्या अंधाऱ्या खोलीतला अगदी तोच चेहरा.

"मावशी, काय दिसतंय?"

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"आई," सून धक्क्यावरून म्हणाली, "इथे डॉक्टर नाहीत."

सासूबाईंनी मान वर केली. क्षणभर त्यांना उमगेना. मग त्या बोलायला लागल्या, आधी चाचरत, मग भडाभडा.

"रेघ पसरट आहे ना, तो चिखल. मऊ. आता बारीक झाली बघ, इथून खडक. खोल... खोल चाललंय, अगं बाई, केवढी दरी आहे इथे! कडेला झाड पडलंय, फांद्या दिसताहेत. आणि फांद्यांत... हळू रे, हळू! ही कमान बघ. मासा. चांगला दांडगा. त्याच्यामागे अजून एक. पिल्लांचा थवा, धुरासारखा!"

सुनेने पाण्याकडे पाहिलं. वर काहीच नव्हतं, ढगाळ आभाळाखालचं एक गुळगुळीत तळं. रोज लेकीला सोडून ती याच्याच काठाने घरी जात असे. पण सासूबाईंच्या आवाजाबरोबर पायाखालचं पाणी उघडत गेलं. दरी, झाड, त्यात श्वास घेणारे जीव. ती फळीवर गुडघे टेकून बसली. तळ्याचं नवल करावं की या बाईचं, तिला कळेना. आयुष्यभर एवढं सगळं बघून ही बाई संध्याकाळी मुकाट्याने भाजी निवडायला बसत होती?

"लहानच ठेव," कयाक धक्क्याला लागली तेव्हा सासूबाई प्लंबरला म्हणाल्या. "ते जेवढं ऐकतं तेवढंच दाखवतं. ओळखायचं काम तुझं."

"आणि नाही ओळखता आलं तर?"

"तर मला घेऊन ये."

त्याने हात देऊन त्यांना वर चढवलं आणि यंत्रं काढायला खाली वाकला. सासूबाईंचे गाल लाल झाले होते, बोटं जेलीने बरबटली होती. सुनेने पदर पुढे करून एकेक बोट पुसलं. पुसून झालं तरी हात सोडला नाही.

"आई, माझ्या वेळी तपासताना तुमचा हात एका जागी थांबला होता. तिथे काय दिसलं होतं, तेवढं मला सांगा."