ग्लोरियाची स्थळं

कुठल्याही नव्या शहरात उतरलं की ग्लोरिया आधी केस करून देणारं दुकान शोधायची. शाळा नाही, घरं विकणाऱ्यांच्या काचेतल्या जाहिराती नाहीत, हॉस्पिटल किती लांब तेही नाही. स्टेशनबाहेर आली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकायची आणि काळ्या बायकांच्या वेण्या घालणारं सलून कुठे दिसतं का बघायची. दिसलं की सरळ आत जाऊन खुर्चीत बसायची. "शहराची खरी माहिती कौन्सिलला नसते, वेण्या घालणाऱ्या बाईला असते," ती म्हणायची. "कोण नवीन आलं, कोण सोडून गेलं, कोणाची मुलं शाळेत रमली, सगळं तिला ठाऊक. आणि गावात तसं सलूनच नसेल, तर तेही उत्तरच की."

मी तिच्याबरोबर असायचे ती हातात कागद घेऊन. शाळांचे निकाल, घरांचे भाव, बस किती वेळाने येते, असं सगळं मी आधीच लिहून ठेवलेलं असे. भाजीला निघतानाही माझ्याजवळ यादी असते, तिथे शहर निवडायचं म्हटल्यावर विचारायलाच नको. ग्लोरिया ती यादी शांतपणे वाचायची आणि परत द्यायची. "वर्षा, तुझी यादी घराच्या आतली आहे. माझी अडचण दाराबाहेर सुरू होते."

ती साउथहॅम्प्टन सोडून गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तिथल्या हॉस्पिटलात अपॉइंटमेंटचं काम बघत होते, ती फार्मसीत वरच्या जागेवर होती. आधी फोनवरची ओळख. आवाज अस्सल लीड्सचा, त्यामुळे ही कोणी गोरी यॉर्कशरची बाई असणार असं मी धरून चालले होते. कँटीनमध्ये समोर आली तेव्हा माझा चेहरा बघून तीच हसली. तिला सवय होती. तिचे आईवडील घानाहून आलेले, ती स्वतः लीड्समध्ये जन्मलेली. "फोनवर मला सगळे घर दाखवायला तयार असतात," ती म्हणाली होती. "प्रत्यक्ष दारात गेले की ते घर नुकतंच गेलेलं असतं." नवरा क्वामे बंदरात इंजिनिअर. घर, गाडी, बागेतली गुलाबाची झाडं, सगळं व्यवस्थित. एकच मुलगी, अमा, तेरा वर्षांची.

या अमामुळेच शहर शोधायची वेळ आली.

अमाच्या शाळेने माहितीपत्रक छापलं आणि त्याच्या मुखपृष्ठावर अमाचा फोटो टाकला. वर्गात ती एकटीच काळी मुलगी, हसरी, वेण्या घातलेली. तोच फोटो मोठा करून शाळेच्या फाटकावर लावला. शाळेचा हेतू वाईट नव्हता, हे ग्लोरियाही म्हणायची. पण मुलं अमाला 'पोस्टर' म्हणायला लागली. येता-जाता वेण्या ओढून बघू लागली. तो फोटो उतरवा म्हणून ग्लोरिया सांगायला गेली तर शाळेच्या बाईंना खरंच नवल वाटलं. एवढा सुंदर फोटो, नको कसा?

मग अमा सकाळी युनिफॉर्म घालून निघायची आणि शाळेत न जाता दिवसभर बसमध्ये बसून राहायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे कळायला आठवडे गेले. ज्या दिवशी कळलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःच्या वेण्या मुळापासून कापल्या. का, असं विचारल्यावर म्हणाली, आता पोस्टरवरची मी नाही. त्यानंतर तिचं जेवण तुटलं. युनिफॉर्म दिसला की ती ओकायची. डॉक्टरांनी ग्लोरियाला बाजूला घेऊन सांगितलं, की हे असंच चालू राहिलं तर मुलगी हातची जाईल.

क्वामेला शहर सोडणं मान्य नव्हतं. आपण का जायचं, चूक आपली आहे का, असा त्याचा सवाल. तो सवाल बरोबरच होता. त्यावर माझ्यासमोर ग्लोरिया त्याला म्हणाली, "तू लढ. मी तुला अडवत नाही. पण माझ्या मुलीला मी सैन्यात पाठवलेलं नाही."

पहिल्यांदा आम्ही एडिनबराला गेलो. तिथे तिला हॉस्पिटलात जागा मिळण्यासारखी होती. विमानात ती अमाच्याच काळजीत होती, तेव्हा मी काहीतरी बोलायचं म्हणून आमच्याकडच्या लग्नांबद्दल बोलत सुटले. मराठीत 'स्थळ' म्हणजे जागा, आणि 'स्थळ' म्हणजे लग्नासाठी बघायचं घरही, हे ऐकून ती सावरून बसली. मी तिला सांगितलं, की मी सावळी, त्यामुळे पुण्यातली दोन-तीन स्थळं चहापोहे खाऊन गेली आणि 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला. "आणि गंमत म्हणजे," मी म्हटलं, "एका घरी आम्ही पत्रिका दिलीच नव्हती." ग्लोरिया इतकी हसली की पुढच्या रांगेतला माणूस वळून बघू लागला. मग तिने माझ्याकडून ते वाक्य मराठीत घोटून घेतलं. 'ळ' काही तिला जमला नाही, पण बाकी छान म्हणायची. शिवाय आम्ही स्थळंच बघायला निघालोय असं तिने तिथेच जाहीर केलं.

एडिनबरा फार देखणं. माणसंही मऊ बोलणारी. सलूनसाठी आम्ही खूप पायपीट केली. एका ठिकाणी बाईंनी ग्लोरियाच्या केसांवरून प्रेमाने हात फिरवला आणि असले केस आम्ही करत नाही म्हणून सांगितलं. ज्या शाळेच्या नावाखाली मी माझ्या यादीत पसंतीच्या दोन रेघा मारून ठेवल्या होत्या, तिथल्या मुख्याध्यापकांनी आम्हाला चहा दिला, अमाचे जुने मार्क बघून खूश झाले. मुलगी आमच्याकडे छान उठून दिसेल, असं म्हणाले.

"तिला उठून दिसायचं नाहीये हो," ग्लोरिया म्हणाली. "तिला खाली बसायचंय."

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ती तेवढंच म्हणाली, "पत्रिका." मी यादीतलं एडिनबरा खोडलं.

मग लंडनचा दक्षिण भाग. तिथे तिची चुलत बहीण राहायची. सलूनं हवी तितकी, रविवारी चर्चमध्ये वकील, हिशेबनीस, डॉक्टर, सगळी काळी माणसं इस्त्रीच्या कपड्यांत. मला वाटलं, जमलं. प्रार्थनेनंतर ग्लोरिया एकेकाला विचारू लागली, इथे मुलांना कसं आहे? आणि बघता बघता तेच तिला विचारू लागले, साउथहॅम्प्टनला कसं आहे, समुद्र आहे ना, आमच्यासारख्यांनी यावं का? कोणाला घराचा हप्ता झेपत नव्हता. कोणाच्या मुलाला गल्लीच्या तोंडाशी पोलिस पुन्हा पुन्हा थांबवत होते. जो तो कुठे जाऊ या याच विचारात. परतीच्या गाडीत ग्लोरियाने डोकं काचेला टेकवलं. म्हणाली, "आम्ही सगळे एकमेकांना पत्ता विचारणारे वाटसरू आहोत, वर्षा. पत्ता कोणालाच माहीत नाही."

तोवर अमा दुपारची माझ्याकडे येऊन बसायला लागली होती. आईबाप कामावर, तिचं शाळेत जाणं बंद, घरी एकटीला ठेवायची सोय नाही. मी कामाच्या पाळ्या बदलून घेतल्या. ती माझ्या ओट्याजवळ स्टुलावर बसून मटार सोलायची. टोपी घातलेली, घरातसुद्धा. माझ्या हातचं वरण-भात चार घास खायची, एवढंच तिच्या पोटात जात होतं. एकदा मटार सोलता सोलता ती आपण होऊन बोलली. "वर्षा आँटी, माझी मम प्रत्येक शाळेत जाऊन येते ना, तिथे मी त्यांची पहिली काळी मुलगी असणार असते. मला कुठेच पहिली व्हायचं नाही." मी पुण्याची. आमच्याकडे पहिलं येण्यासाठी मुलांना पहाटे उठवतात. मी तिच्या ताटलीत आणखी शेंगा ओतल्या.

मग लंडनच्या विमानतळाजवळच्या हाउन्सलोचं स्थळ मी स्वतः आणलं. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे शिरीषराव विमानतळावर मालाच्या कामात होते. त्यांचं दुसरं घर भाड्याने द्यायचं होतं. भाग सगळ्या रंगांच्या माणसांचा, शाळेत दहा देशांची मुलं. मैत्रीण आहे, फार्मासिस्ट आहे, नवरा इंजिनिअर आहे, असं मी फोनवर सांगितलं. तिचा रंग सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

शिरीषरावांनी दार उघडलं आणि क्षणभर थांबून आत या म्हणाले. घर दाखवलं, पण जिन्यापर्यंतच. वरच्या खोल्यांना रंग द्यायचाय, म्हणाले. मग शेजारच्या त्यांच्या राहत्या घरी बसवलं; बायकोने चहा आणला. ग्लोरियाने भाडं विचारलं, कधीपासून राहायला येता येईल विचारलं. शिरीषराव तिच्याकडे बघून हसले आणि मग माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागले.

"वहिनी, तुम्ही आधी सांगायचं ना. आमचं काही नाही हो, आम्ही असलं मानत नाही. पण शेजारी सगळे आपलेच आहेत. त्यांना उगाच ऑकवर्ड होईल. तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगा तिला काहीतरी."

मी तोंड उघडायच्या आत ग्लोरियाने कप खाली ठेवला. अगदी नम्रपणे, 'ळ'चा 'ल' करत, त्यांना विचारलं, "पत्रिका जुलत नाही?"

शिरीषरावांची बायको आत निघून गेली. ते स्वतः माझ्याकडे बघत राहिले, हिला मराठी येतं हे मी त्यांना सांगायला हवं होतं अशा नजरेने. मी उठले, कोट घेतला, आणि त्यांना मराठीतच सांगितलं की आमच्याकडून या घराला नकार आहे. एवढं एकच वाक्य मला सुचलं.

पिकॅडिली लाइनच्या भुयारी गाडीत मी रडत होते आणि ती माझा हात थोपटत होती. उलटंच सगळं. "तुझ्या माणसांनी निदान भाषा तरी बदलली," ती म्हणाली. "बाकीचे मला कळेल अशा भाषेत, हसत हसत सांगतात." मग थोड्या वेळाने, डब्यातल्या कोणाकडेही न बघता, "आता कुठलं स्थळ शोधायचं मला सुचत नाही. मुलगी माझ्या डोळ्यांसमोर झिजते आहे आणि मी नकाशे बघत बसले आहे."

त्यानंतर तिने शोधणं थांबवलं. कामावर यायची, औषधं तपासायची, कोणाशी बोलायची नाही. अमा आता वरण-भातही ठेवून द्यायला लागली. एका दुपारी ती स्टुलावरच भोवळ येऊन पडली. मी ग्लोरियाला फार्मसीतून बोलावून घेतलं. मुलीचं डोकं मांडीवर घेऊन ती माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि तेव्हा मी तिला अमाचं ते वाक्य सांगितलं: कुठेच पहिली व्हायचं नाही.

ग्लोरियाने मुलीच्या आखूड केसांवर हात ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या यादीत खोडलेल्या शाळा दाखव."

बर्मिंगहॅमची एक शाळा मी निकाल बेताचे म्हणून पहिल्याच दिवशी खोडली होती. इमारत जुनी, मैदान छोटं. तिथल्या ऑफिसात काउंटरमागच्या बाईने मान वर केली, अमाकडे पाहिलं, आणि अमाला दमा आहे का एवढंच विचारलं. इनहेलर असेल तर ऑफिसात ठेवावा लागतो, म्हणाली. मुख्याध्यापिका घाईत होत्या. ग्लोरियाने विचारलं, हिच्यासारख्या आणखी मुली आहेत का? बाईंना प्रश्नच कळला नाही. "हिच्यासारख्या म्हणजे कशा?" त्या म्हणाल्या, आणि मग अंदाजाने सांगितलं की हो, गणितात कच्च्या पुष्कळ आहेत, काळजी करू नका.

ग्लोरियाने तिथल्या तिथे नाव घातलं. त्यासाठी तिने काय सोडलं ते मी बघत होते. वीस वर्षांनी मिळवलेली हॉस्पिटलातली जागा सोडून ती एका औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहिली. क्वामेची नोकरी बंदराची, बंदर काही उचलून नेता येत नाही. तो आठवडाभर साउथहॅम्प्टनला भाड्याच्या खोलीत आणि शनिवारी-रविवारी त्यांच्याकडे. निघताना त्या दोघांत धड बोलणंही नव्हतं. तो गाडीत सामान चढवत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, की आपण हरलो. ग्लोरियाने मला घट्ट मिठी मारली. हे चुकलं तर पुढे काही उरलेलं नाही, असं माझ्या कानात म्हणाली.

शाळेचा पहिला आठवडा संपला त्या शुक्रवारी तिचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. मी आधी घाबरले.

ती शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहिली होती. साउथहॅम्प्टनला अमाला असं कधी शोधावं लागलंच नव्हतं. मैदानाच्या पलीकडून मुलांचा लोंढा निघाला की त्यात एकच काळं डोकं, लांबूनच दिसायचं. इथे घंटा झाली, मुलं बाहेर पडायला लागली, शेकड्यांनी. काळी, तपकिरी, गोरी, ढकलाढकली करत. ती एकेक चेहरा बघत होती. गर्दी ओसरायला आली तरी अमा दिसेना. इथेही शाळेत गेली नाही, कुठल्यातरी बसमध्ये बसली असणार, असं वाटून तिने फाटकाचे गज धरले.

"आणि मागून कोणीतरी बाही ओढली गं," ग्लोरिया म्हणाली. "म्हणते, मम, मी कधीची इथेच उभी आहे. चल ना, भूक लागली."



"वर्षा, एवढ्या मुलांत मला माझी मुलगी सापडेना," ती म्हणाली, आणि मग ओक्साबोक्शी रडायला लागली.