कोंबड्यांच्या अंड्यांतली पावडर

वडिलांनी तीस वर्षं सोलापुरात शेतीच्या औषधांच्या दुकानात काम केलं. एखादं पोतं फाटलं की सांडलेली पांढरी कीटकनाशक पावडर ते घरी आणायचे आणि भिंतीच्या कडेनं रेघ ओढल्यासारखी टाकायचे. आमच्याकडं मुंग्या नव्हत्या, वाळवी नव्हती. पाहुणे कौतुक करायचे. पुढं त्या पावडरीवर बंदी आली. वडील निवृत्त झाले आणि वेळ जावा म्हणून त्यांनी परसात चार कोंबड्या पाळल्या.

माझी मुलगी कॉलेजात पर्यावरण शिकते. गेल्या वर्षी प्रकल्पासाठी तिनं शहरभरातून गावरान अंडी गोळा केली, त्यात आमचीही सहा. महिन्याभरानं अहवाल आला. ती पावडर सगळ्यांत जास्त आमच्या अंड्यांत निघाली.

वडील म्हणाले, ती तर कधीच संपली. मुलीनं समजावलं, की ती संपत नाही, जागा बदलते. मातीत बसते, धुळीबरोबर घरात येते, पावसाच्या पाण्यानं नाल्याला जाते. कोंबड्या माती उकरून खातात, मग त्यांच्या चरबीत आणि तिथून बलकात.

वडिलांनी विचारलं, "म्हंजे माज्यात बी हाय?"

"असणार, आजोबा. थोडी माझ्यातही."

आपण हात धुतल्याशिवाय कधी जेवलो नाही, एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टोपी घालून वडील, ज्या ज्या घरी अंडी देत होते, तिथं सांगायला निघाले. त्यांचा गुडघा दुखतो म्हणून मी सोबत गेलो. तीन घरी सहज सांगून झालं. चौथं घर समोरच्या तेलुगू बाईंचं. त्यांची लेक बाळंतपणाला येऊन नुकतीच बाळंत झालेली, तिला वडील आवर्जून रोज एक अंडं पाठवत होते. तिथं त्यांनी चहा घेतला, पावसाची चौकशी केली, पुन्हा पाणी मागितलं. शेवटी खाली बघत म्हणाले, "माजी चूक झाली, ताई."

बाईंनी बाळाला उचलून आत नेलं. संध्याकाळी माझी मुलगी त्या लेकीला आणि बाळाला डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, आईचं दूध चालू ठेवा, ती अंडी बंद करा.

माती उकरू नये म्हणून कोंबड्या आता फरशीवर असतात. बाईंनी बोलणं तोडलं नाही. फक्त आमच्याकडून काहीही गेलं, अगदी वाटीभर शेंगा, तरी त्या विचारतात, "बाजारच्याच ना?"

तीस वर्षं शेतकऱ्यांना फवारणीची औषधं विकलेले वडील म्हणतात, "व्हय, बाजारच्याच."

बाई निर्धास्त होऊन वाटी घेतात.