एकच दिवा चालू ठेवा

माझे सासरे, अप्पा, गेल्याचा फोन आला तेव्हा मी शांती नगरच्या बाजारात वांगी निवडत होते. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "काटेरी बघून आण गं." मी वांगी घेऊनच घरी आले... का, ते आजही सांगता येत नाही.

अप्पांची सगळी नोकरी घाटातल्या जलविद्युत केंद्रात, ऑपरेटर म्हणून. निवृत्त होऊन ते आमच्याकडे मीरा रोडला आले आणि नेमकं तेव्हाच लोडशेडिंग बोकाळलं. वीज गेली की खालचे मेहताभाई विचारायचे, "अप्पाजी, आपका डिपार्टमेंट फिर सो गया क्या?" सगळे हसायचे. अप्पाही हसायचे, पण मग ताटात निम्मं टाकायचे. आपण आयुष्यभर काय केलं ते या लोकांना एकदा कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. विनम्र वगैरे ते अजिबात नव्हते. "कोळशाचं केंद्र दिवसभर ओझं वाहतं, कबूल. पण संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, तेव्हा वाढलेली मागणी कोण उचलतं? फोन यायचा, मशीन चालू करा. पाणी सोडलं की काही मिनिटांत वीज," हे मी शंभरदा ऐकलंय.

मग एका दुपारी अख्ख्या राज्याचीच वीज गेली. माणसं जिन्यात येऊन बसली. मेहताभाईंनी नेहमीचं वाक्य टाकलं. अप्पा शांतपणे म्हणाले, "कोयलेवाला प्लांट चालू करने को भी बाहर से बिजली लगती है, मेहताभाई. हमारा मशीन पानी पे उठता है, फिर बाकी सबको उठाता है. लेकिन बिजली आते ही सब लोग टूट पड़ेंगे, तो फिर बैठ जाएगा." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ते चारही मजले चढले. प्रत्येक दारात तेच, "फ्रिज, पंखे, टीव्ही बंद करा. एकच दिवा चालू ठेवा, वीज आलेली कळायला. बाकीचं मग एकेक लावा." कुणी तोंडावर दार लावू नये म्हणून मी मागे मागे.

संध्याकाळी वीज आली आणि टिकली. मेहताभाई वर आले. "आपके मशीन ने उठाया?"

"उठवलं," अप्पा म्हणाले. त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या त्यांनी. मला माझ्या सासऱ्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

अप्पा गेल्यानंतर, परवा संध्याकाळी पुन्हा वीज गेली. मी सवयीने त्यांच्या खोलीतली बटणं बंद करायला उठले, तर जिन्यातून मेहताभाईंचा आवाज आला, "एक दिया चालू रखो, बाकी सब बंद." मजल्यामजल्यावर बटणं खटखटली. वीज आली तेव्हा गॅलरीतून पाहिलं... घरटी एकच दिवा. अप्पांच्या खोलीतलाही लागला होता. उकडत होतं, पण पंखा मी बऱ्याच वेळाने लावला.