रूथबाईंच्या पदराची गाठ

रूथबाई. सगळ्यात आधी हे नाव लिहितो, कारण माझ्या नावापुढे बी.एस्सी. लागलं ते त्यांच्यामुळे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावात मिशनच्या मुलांच्या बोर्डिंगची देखरेख त्या करत. माझे वडील तिथल्याच दवाखान्यात झाडलोट करायचे. घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला कॉलेजात पाठवावं म्हणून बाईंनी कुणाकुणापुढे शब्द टाकला, ते मला अजून पुरतं ठाऊक नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही... कधीच नव्हता. बोर्डिंगामागच्या चिंचेवर हडळ आहे असं कुणी म्हटलं, तर बाई त्याला त्याच चिंचेखाली बसवून पाढे म्हणायला लावत. पुढे विज्ञान शिकलो, नोकरीत मायक्रोमीटर हातात आला. जे मोजलं नाही त्यावर मी सही करत नाही. एकदा केली होती — ती चूक आणि तिच्यामागून जे घडलं, तेच इथे सांगतो.

त्याआधी बाईंची एक पद्धत सांगायला हवी. सायंप्रार्थना झाली की त्या आमच्या सतरंज्यांच्या रांगेतून फिरत आणि प्रत्येकाला विचारत, "आज कुणावर राग आहे?" आपण नाव सांगायचं. बाई पदराच्या टोकाला गाठ मारत. "दिलंस ना? आता ते माझ्याकडे. मी नुसती हमाल, प्रभूच्या पायाशी नेऊन टाकते. तू झोप." भांडण मिटलं की आपण होऊन जायचं आणि गाठ सोडवून घ्यायची. 'क्षमा कर' असं त्या लगेच कधी म्हणाल्या नाहीत. 'आधी झोप' म्हणत.

१९६१ साली मी बंगळूरच्या एका मोठ्या कारखान्यात तपासणी खात्यात लागलो. एक वर्ष प्रोबेशन. मल्लेश्वरमला आठव्या क्रॉसजवळ, म्हणजे आठव्या आडव्या गल्लीजवळ, एका घराची पुढची खोली भाड्याने घेतली होती. घर मराठीच, पण तीन पिढ्या तिथेच गेलेल्या. मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत.

आमचे साहेबही मराठी. माझी चूक इथूनच सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय रे, नगरकडचा का?" आणि परक्या गावात माझे डोळे भरून आले. आठवड्याने त्यांनी तपासणीच्या कोऱ्या स्लिपांचं पॅड पुढे ठेवलं. "सह्या करून ठेव. गर्दीच्या वेळी खोळंबा नको. आपल्याच माणसावर एवढा भरवसा नाही का?" मी अख्ख्या पॅडवर सह्या केल्या. पदवीधर माणूस! दवाखान्यात डॉक्टर सांगतील तिथे वडील अंगठा उठवायचे... माझी पदवी त्या क्षणी तेवढ्याच कामाची होती.

पुढे शाफ्टांचा एक अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. मापात बसत नव्हता. पासच्या स्लिपवर सही माझी. तो लॉट मी डोळ्यांनीसुद्धा पाहिला नव्हता.

साहेबांनी मला सगळ्या खात्यासमोर उभं केलं. "मिशनच्या दूध-पावडरीवर वाढलेली पोरं! ह्यांना काय कळणार मिलिमीटरचा शंभरावा भाग?" मग केबिनमध्ये टाइप केलेला कबुलीजबाब पुढे सरकवला : मी निष्काळजीपणाने, न मोजता माल पास केला.

"सर, त्या स्लिपा तुम्हीच..."

"मीच काय? बोल ना. साक्षीदार कोण?" ते हसले. "तुमच्यात दुसरा गाल पुढे करतात ना रे? मग कर की पुढे! कर सही."

कोपऱ्यातला टायपिस्टही हसला.

सही केली की नोकरी जाणार आणि नावाला कायमचा डाग लागणार, हे मला कळत होतं. मी सही केली नाही. त्यांनी मला सलग रात्रपाळी लावली, आणि सकाळी पाळी सुटली की 'खुलासा द्यायला थांबा' म्हणून केबिनबाहेर बाकावर बसवून ठेवायचे. तीन आठवडे माझा डोळा धड लागला नाही. गुडघे टेकून प्रार्थना करू लागलो की दोन वाक्यांनंतर तोंडातून शिव्याच यायच्या. त्या माणसाचं तोंड फोडावं असं वाटे. खोटं कशाला लिहू, अजूनही वाटतं.

मे महिन्यातला शनिवार. "सोमवारी सही, नाहीतर मीच वर रिपोर्ट करतो," असं ऐकून मी खोलीवर आलो. सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. खिडकीतून लख्ख ऊन, रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती, अक्का व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. मी भिंतीकडे तोंड करून पडलो आणि लाज सोडून मोठ्याने म्हणालो, "बाई, आज राग आहे." मग साहेबांचं नाव घेतलं.

उशाशी खाट किंचित दबल्यासारखी वाटली... एवढंच आठवतं.

जाग आली ती देवळाच्या घंटेने. रविवारची पहाट होती. अठरा-एकोणीस तास मी कूसही बदलली नव्हती. दार उघडलं तर अक्का रांगोळी घालत होत्या.

"काय हो अण्णा, अम्मा येणार म्हणून सांगायचं नाही का? मी जेवायला नसतं का वाढलं?"

"कोण अम्मा?"

"तुमच्या! पांढरं लुगडं, चष्म्याच्या काडीला काळा दोरा बांधलेला. काल मी स्वल्प कॉफी घेऊन आले, तर तुमच्या उशाशी बसलेल्या. पदराला गाठ मारत होत्या. तोंडावर बोट ठेवून मला गप्प म्हणाल्या. सरी, बरं म्हटलं, आणि परत गेले." अक्कांनी रांगोळीचा डबा खाली ठेवला. "पण आल्या कधी न् गेल्या कधी हो? मी तर दारातच बसलेली."

माझी आई मी पाच वर्षांचा असतानाच वारली. चष्म्याला दोरा रूथबाईंच्या होता. अक्कांना मी बाईंचं नावसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मी तसाच पायरीवर बसलो. डोकं धुतल्यासारखं स्वच्छ झालं होतं, आणि तीन आठवडे डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली गोष्ट दिसली : त्या स्लिपवरची तारीख. तो दिवस उत्तम शुक्रवारचा, गुड फ्रायडेचा! मी रजेवर होतो, उपासनेला गेलो होतो. रजेच्या अर्जावर सही करताना साहेबच म्हणाले होते, "देव मेला म्हणून रजा, मग उठला म्हणून जादा काम करणार का?"

सोमवारी मी थेट वर्क्स मॅनेजरांकडे गेलो. ते कन्नड गृहस्थ, फार बोलत नसत. त्यांनी रजेचं कार्ड मागवलं, स्लिपेशेजारी ठेवलं आणि साहेबांना बोलावलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "आपल्याच माणसावर उलटलास?"

मी नोकरीत कायम झालो. त्यांना काय झालं? काही नाही. एक समज मिळाली, आणि दोन वर्षांनी बढती.

अक्कांचा डोळा लागला असेल, मी झोपेत बडबडलो असेन... हे सगळं लावून पाहिलं. पण गुरुवारी बाईंचं कार्ड आलं. 'शनिवारी दुपारी पदराला गाठ दिसली. मी मारलेली नाही. मुलं सगळी सुट्टीत घरी गेलीत. कुणाच्या नावाची तेही आठवेना. एकेकाला कार्ड टाकते आहे. तू बरा आहेस ना?'

ह्याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. त्याच गुरुवारी मी जे उत्तर धाडलं, त्याची नक्कल माझ्याकडे आहे. फक्त एक नाव गाळून ती इथे देतो.

'ती. रूथबाईंस,

प्रभूमध्ये सलाम.

गाठ माझी आहे. बाकीच्यांना कार्डं टाकू नका. नाव — — —, आमचे साहेब. त्यांनी माझी भाकरी आणि माझं नाव दोन्ही घ्यायला हात घातला होता. दोन्ही वाचली. कशी, ते सुट्टीत आल्यावर सांगेन. कागदावर लिहिलं तर तुम्ही मला चिंचेखाली बसवाल.

बाई, ती गाठ सोडू नका. लुगडं धुताना सुटली तर पुन्हा मारा. मी अजून ती सोडवायला येऊ शकत नाही, आणि येईन असं खोटं वचन तुम्हाला देणार नाही. माझा राग गेलेला नाही.

पण झोप लागते.

आपला,
शमुवेल'